लाल दिवा लुकलुकतोय, पण कशासाठी?

वैताग आणलाय राव ह्या टेबलावरच्या फोननं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात बसतो मी, सौद्याच्या दिवशी फोन नुसता खणखणत असतो आणि समोर २१ बटणं, निम्म्यांवरची अक्षरं पुसून गेलेली. बटणावरचा दिवा स्थिर असला की लाईन चालू, सावकाश लुकलुकला की कोणीतरी होल्डवर, भराभर लुकलुकला की नवा कॉल, आणि वरच्या कोपऱ्यातला लाल म्हणजे मेसेज येऊन पडलाय, एवढंच आहे हो, पण एका कागदावर लिहून द्यायला कोणाला सवड नाही! काल जतचा शेतकरी दर विचारत होता, शेठना जोडायला ट्रान्सफर दाबलं, त्यांचं एक्स्टेन्शन, म्हणजे दुकानातला आतला नंबर, लावलं, रिसीव्हर ठेवला आणि कॉल कट, का तर ह्या फोनवर ट्रान्सफर परत एकदा दाबावं लागतं म्हणे. त्या माणसाला तीनदा लावावा लागला, तेही सौदा चालू असताना. आणि म्यूट-होल्ड शेजारी शेजारी कशाला? म्यूटमध्ये फक्त आपला आवाज बंद होतो, समोरच्याचा येत राहतो, होल्डमध्ये दोन्हीकडचं बंद. बटणाखाली मराठीत दोन शब्द छापा की, जागा आहे तिथं!