पाण्यात बुडालेल्या गुहांबद्दलचा एक मजकूर आणि त्यातील चुका

नागपुरातील पोहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील सेनोटे, म्हणजे चुनखडीचे छत कोसळून उघडी पडलेली पाण्याची विवरे, आणि त्यांना जोडलेल्या गुहा समुद्रापेक्षा सुरक्षित आहेत, कारण तिथे लाटा नाहीत आणि पाणी नितळ आहे, पोहणे पक्के असेल, समुद्रातील डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र असेल आणि हाती नकाशांसह चांगली मार्गदर्शक पुस्तिका असेल, तर आणखी प्रशिक्षण लागत नाही, सराव आपल्याकडच्या पाणी भरलेल्या खदानीत करता येतो. हा मजकूर वाचून कोणी खरोखर पाण्यात उतरू नये, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पाणी नितळ असते हे खरे आहे. मात्र ज्या स्तब्धतेमुळे ते नितळ असते, त्याच स्तब्धतेमुळे तळाशी अतिशय बारीक गाळ साचून राहिलेला असतो. पायातल्या एका फिनचा (पोहण्याच्या पंख्याचा) चुकीचा फटका बसला की तो गाळ उसळतो, टॉर्चचा प्रकाश समोरच्या गढूळपणावरच आदळून परत येतो आणि डायव्हरला स्वतःचा हातही दिसत नाही. हा गाळ खाली बसायला कित्येक तास लागू शकतात. अशा वेळी बाहेर काढते ती फक्त प्रवेशद्वारापासून अखंड ताणत आणलेली नायलॉनची बारीक दोरी. तिच्यावर प्लॅस्टिकचे लहान बाण अडकवलेले असतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोरी सैल धरून पुढे सरकताना बाणाचे टोक बोटांना लागते आणि बाहेरची दिशा समजते. पुस्तिकेतील नकाशा त्या क्षणी हातात असून उपयोगाचा नसतो.

पोहणे पक्के असणे पुरेसे आहे, हे विधान सर्वांत घातक आहे. समुद्रात काही बिघडले तर माणूस वर येऊ शकतो. गुहेत वर खडक असतो आणि आत आलो तितकेच अंतर कापून बाहेर पडावे लागते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा माणूस 20 मीटर खोलीवर, दाब तिप्पट झाल्यामुळे, 60 लिटर वापरतो. म्हणून गुहा-डायव्हिंगचा नियम असा की एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेली राखीव. या हिशेबाने 800 लिटर, म्हणजे साधारण 13 मिनिटे झाली की मागे फिरायचे. सर्वांत आतल्या टोकाला जोडीदाराची हवा संपली, तर उरलेल्या 1600 लिटरवर दोघांना मिनिटाला 120 लिटर लागतील आणि ती हवाही 13 मिनिटेच पुरेल. घाबरून श्वास वाढला किंवा गाळात दोरी शोधण्यात दोन मिनिटे गेली, तर हा हिशेब कोलमडतो, आणि पोहण्यातील ताकद त्यात एक लिटरही हवा वाढवत नाही. 2018 मध्ये थायलंडमधील थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांसाठी हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना समान कुनान यांचा मृत्यू झाला. ते थायलंडच्या नौदलाच्या विशेष दलाचे माजी जवान होते.

पुस्तिकेबद्दल माझा आक्षेप पुस्तिकेवर नाही. प्रवेश कुठून, खोली किती, परवानगी कोणाची, हे ती उत्तम सांगते; पण एखाद्या गुहेला 'सोपी' हा शेरा ती प्रशिक्षित वाचकाला उद्देशून देते, आणि नकाशा छापल्यानंतर दोऱ्या बदललेल्या असू शकतात. अमेरिकन गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी अपघातांच्या विश्लेषणातून गुहा-डायव्हिंगचे मूलभूत नियम मांडणारे पुस्तक 1979 मध्ये लिहिले. 1994 मध्ये मेक्सिकोतीलच साकातोन या विवरात अतिखोल डाइव्ह करताना त्यांचा अंत झाला. त्यांच्याकडे माहितीची उणीव नव्हती.

प्राथमिक प्रमाणपत्रावर सेनोटेमध्ये उतरता येते, पण दिवसाचा उजेड सतत दिसेल तिथपर्यंतच आणि गुहा-डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक मार्गदर्शकामागे. स्नॉर्कलिंग करणाऱ्यांनी, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पृष्ठभागावर पोहणाऱ्यांनी, उघड्या आकाशाखालीच राहावे. छताखाली स्नॉर्कलच्या नळीला हवा मिळत नाही. बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो.

राहिला खदानीचा मुद्दा. नागपूर जिल्ह्यात मँगनीज, कोळसा आणि गिट्टीच्या खदानी आहेत, आणि पाणी भरलेल्या जुन्या खदानीच्या कडा उभ्या असतात, खोली एकदम वाढते आणि बाहेर पडायला उतार सापडत नाही. शिवाय वर छत नसल्यामुळे गुहेत लागणारे सगळे कौशल्य तिथे शिकता येत नाही. दोरीचा पहिला सराव तर जमिनीवरच होतो: झाडांना वळसे देत दोरी ताणली जाते आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकणारा डोळे मिटून, दोरी न सोडता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो.