लेप्टोची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाहीच का?

पावसाळ्यात मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन विधाने आहेत. लेप्टोस्पायरोसिस म्हणजेच लेप्टो या जिवाणूजन्य आजाराची पीसीआर ही जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली की लेप्टो नाही. ती पॉझिटिव्ह येईपर्यंत प्रतिजैविक घेऊ नये. आणि तिच्यापुढे जुन्या रक्तचाचण्या निरुपयोगी आहेत. आधार म्हणून अमेरिकेतील एका मुलाचे उदाहरण दिले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि दुसरे तर जिवावर बेतणारे आहे.

पहिले विधान घेऊ. पीसीआर जिवाणूच्या जनुकाचा शोध घेते, उदाहरणार्थ लेप्टोस्पायरा या जिवाणूच्या रोगकारक प्रकारांतच आढळणाऱ्या लिपएल३२ या जनुकाचा, त्यामुळे ते सापडले तर पुरावा भक्कम असतो. न सापडले तर मात्र ते त्या नमुन्यात मिळाले नाही, एवढेच सिद्ध होते. हा जिवाणू रक्तात प्रामुख्याने पहिल्या आठवड्यात असतो. पुढे प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी शरीरातील प्रथिने, तयार होतात, तो रक्तातून नाहीसा होतो आणि मूत्रपिंडात राहून लघवीवाटे बाहेर पडू लागतो. भातलावणीच्या दिवसांत ताप अंगावर काढून दहाव्या दिवशी दवाखान्यात आलेल्या शेतकऱ्याच्या रक्ताची पीसीआर निगेटिव्ह येणे यात म्हणूनच नवल नाही. आधी प्रतिजैविक घेतलेले असेल, तर ही शक्यता आणखी वाढते.

नेमक्या याच टप्प्यावर ‘निरुपयोगी’ ठरवलेल्या प्रतिपिंड-चाचण्या कामाला येतात. सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढलेले दिसले, तर निदान पक्के मानतात. पहिल्या दिवसांत त्याही निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून आजाराचा कितवा दिवस आहे हे प्रयोगशाळेला कळवणे फार महत्त्वाचे आहे.

आता अमेरिकेतील उदाहरण. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांतातील १४ वर्षांच्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच क्षीण होती. चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात येऊन, मेंदूचा तुकडा तपासूनही निदान होईना. शेवटी मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील सगळ्याच जनुकीय द्रव्याचे वाचन केले, तेव्हा ३०,६३,७८४ तुकड्यांपैकी केवळ ४७५ लेप्टोस्पायराचे निघाले. ही नेहमीची पीसीआर नव्हती, नमुनाही रक्ताचा नव्हता. शिवाय लेप्टोच्या नेहमीच्या चाचण्या निगेटिव्ह असतानाही डॉक्टरांनी उपचार केले, आणि पीसीआर व प्रतिपिंडांचा दुजोरा नंतर मिळाला. म्हणजे हे उदाहरण संदेशाच्या नेमके विरुद्ध जाते.

राहिले ते प्रतिजैविक. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली आहे. हा आजार बळावला की मूत्रपिंडे व यकृत निकामी होऊ लागतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि हे अहवाल येईपर्यंत थांबत नाही. ताप, पोटऱ्यांचे तीव्र दुखणे, लाल डोळे आणि पुराच्या पाण्याशी, चिखलाशी किंवा गोठ्याशी आलेला संबंध यांवरून संशय बळकट असेल, तर डॉक्टर लगेच उपचार सुरू करतात. शक्य असल्यास नमुना पहिल्या मात्रेआधी घ्यावा. मात्रा मात्र अहवालासाठी रोखू नये.