कुजकं मांस झाकायला मिरी? हिशोबच जुळत नाही

‘मध्ययुगात फ्रिज नव्हते. युरोपातले लोक कुजकं मांस खायचे, त्याचा वास दाबायला मसाले लागायचे, म्हणून वास्को द गामा कालिकतला आला.’ हा फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. १४९८ साली तो मसाल्यांच्या ओढीने आला, एवढं खरं. बाकीचं टिकत नाही.

आधी पैशांचं बघू. पंधराव्या शतकातल्या लंडनमध्ये पौंडभर, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम मिरीसाठी कसबी सुताराची दोन दिवसांची मजुरी जायची. लवंग त्याहून महाग. ज्याला हे परवडे, त्याला ताजं मांस मिळत नव्हतं? जनावरं पायी हाकत शहरात आणायची आणि तिथेच कापायची, अशी रीत होती. नासकं मांस विकताना सापडलेल्या माणसाला लंडनमध्ये भर चौकात खोड्यात अडकवून ते मांस त्याच्या नाकाखाली जाळत. टिकवायचं मांस खारवत किंवा धुरावत. त्याला मिरी लागत नाही.

मसाले पडायचे कशात, तेही पाहा. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास लिहून ठेवलेल्या कृतींत वाइनमधल्या पेअरला सुंठपूड आहे. पेअरचा कुठला वास झाकायचा होता? १४६५ साली जॉर्ज नेव्हिल यॉर्कचा आर्चबिशप झाला, त्या मेजवानीच्या यादीत १०४ बैल, १००० मेंढ्या, ४०० हंस आणि मसालेदार वाइनचं एक अख्खं पिंप आहे. हा सगळा थाट होता, नाइलाज नव्हे.

स्वयंपाकाच्या दृष्टीनेही दावा फसतो. कुजल्याचा वास मसाल्याखाली जात नाही. दोन्ही वास येतात. लवंग-दालचिनीचे अर्क प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतात, पण रश्शात पडते ती चिमूटभर. शिवाय स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी आधीच सोडलेलं विष अर्धा तास उकळूनही टिकतं. जंतू मेले तरी उलट्या व्हायच्या त्या होतातच.

आणि मसाल्यांचं काम वास मारण्याचंच असतं, तर ते स्वस्त झाल्यावर जास्त वापरले गेले असते. घडलं उलटं. सतराव्या शतकात जहाजं भरभरून मिरी येऊ लागली, ती साध्या घरांतही पोचली, आणि नेमक्या त्याच काळात फ्रान्समधल्या बड्या घरांनी जेवणातले मसाले कमी करून लोणी, मांसाचा अर्क आणि हिरव्या पाल्याची चव धरली. बर्फाची यंत्रं यायला तेव्हा अजून दोनेकशे वर्षं होती.