एक, दहा, दोन

काऊ-चिऊची गोष्ट सांगायला मला सात मिनिटं लागतात. बाळाच्या तिटेपाशी मुलं फारच रेंगाळली तर आठ. गेल्या महिन्यात तीच गोष्ट ‘दृश्य माध्यमातून’ सांगायची म्हणून मी तीन रात्री जागले.

झालं असं, की आमच्या मोठ्या बाई एका कार्यशाळेला जाऊन आल्या. तीर्थयात्रेहून आणि कार्यशाळेहून परतलेल्या माणसापासून चार दिवस लांब राहावं, हे मी नोकरीत शिकलेय. पण नेमकी चहाच्या वेळी समोर सापडले. “तिसरीला चित्रांतून गोष्ट सांगायची. साधनं सगळी ऑनलाइन आहेत, आणि मोफत!” मोफत म्हटलं की बडोद्यात राहून राहून माझेही कान टवकारतात. मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी भाचा आला होता. “मावशी, पाच मिनिटांचं काम गं,” म्हणाला आणि माझी सेव-उसळ संपवून गेला.

मी ‘चिमणी’ असं टाइप करून चित्रं शोधली. पडद्यावर स्वयंपाकघरातल्या चिमण्या आल्या. धूर ओढणाऱ्या, स्वतःच स्वतःला साफ करणाऱ्या, हप्त्यावर मिळणाऱ्या. बरं, आमच्या वर्गातली मुलं घरात मराठी आणि गल्लीत गुजराती बोलतात, त्यांना चिमणी म्हणजे ‘चकली’. म्हणून तेही टाकून पाहिलं, तर दिवाळी! काटेरी, खमंग, ताटंच्या ताटं. रात्री साडेदहाला भूक लागली तेवढी. शेवटी इंग्रजीला शरण गेले तेव्हा पिसांची चिमणी दिसली.

कावळा सोपा जाईल असं वाटलं होतं. पण इंग्रजीत शोधलं की येतो तो परदेशी कावळा, नखशिखान्त काळाकुळकुळीत. आपला कावळा मानेला राखाडी मफलर गुंडाळून असतो. आमच्या वर्गाच्या खिडकीत रोज एक येऊन डब्यांवर नजर ठेवतो, त्यामुळे मुलांना फसवणं शक्य नव्हतं. भाच्याला फोन लावला. त्यानं विकिमीडिया कॉमन्स या ऑनलाइन चित्रसंग्रहाचं नाव सांगितलं. तिथे दहा कोटींहून जास्त फायली आहेत, आणि अटी पाळल्या तर कुणीही वापराव्यात. अट बहुतेक वेळा ही असते, की छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख चित्राबरोबर द्यायचा. जुनी चित्रं तर आपल्या कायद्यानुसार चित्रकार गेल्यावर साठ वर्षांनी सगळ्यांचीच होतात. म्हणजे राजा रविवर्म्यांची चालली असती. ते १९०६ साली गेले, आणि त्यांची चित्रं आमच्या राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयातच आहेत. पण त्यांच्या चित्रांत मला मिळाला तो दमयंतीचा हंस. हंसाला कावळा म्हणून खपवायला माझी जीभ रेटेना. (उलटं खपवणारे बरेच पाहिलेत.)

राखाडी मानेचा कावळा अखेर मिळाला. मग घरं. शेणाचं घर शोधलं तर गोवऱ्यांची उतरंड आली. ती ठेवून दिली. मेणाचं घर इंग्रजीत शोधलं आणि ब्यूटी पार्लरांच्या जाहिराती उघडल्या. गुळगुळीत पायांच्या रांगा. नेमके त्याच वेळी आमचे ‘हे’ पाणी प्यायला उठले. “तिसरीला हे शिकवतेस?” एवढंच विचारून परत झोपायला गेले. खुलासा ऐकायलासुद्धा थांबले नाहीत.

बाळाला तीट लावणारी चिमणी मात्र दहा कोटींत एकही नव्हती. मग एक टॉवेल, एक काजळाची डबी, एक तिटेची बोटभर काळी टिकली आणि एक पाळणा, असं सामान जमवलं. शेवटच्या चित्रात काऊची शेपूट भाजते, ती मी कावळ्याला माउसनं लाल रंग फासून भाजली. माउस हलला, त्यामुळे पोटही थोडं भाजलं.

आता हे सगळं एकत्र जोडायचं मोफत साधन. ते मोफत होतंच, फक्त मला जे जे आवडे त्याच्या कोपऱ्यात एक सोन्याचा मुकुट असे, आणि मुकुट म्हणजे पैसे. मुकुटवाली एक चौकट तशीच घेतली तर चिऊच्या पोटावरून कंपनीचं नाव तिरपं छापून आलं. अक्षरांची तऱ्हा याहून वेगळी. पडद्यावर ‘चिऊ’ नीट दिसे, फाइल उतरवली की तिची वेलांटी ‘च’ला सोडून ‘ऊ’च्या गळ्यात. चौदा वेळा मी त्या वेलांटीला माहेरी आणून सोडलं. पंधराव्या वेळी गोष्टीचे शब्दच काढून टाकले, छायाचित्रकारांची बारीक नावं तेवढी ठेवली. नुसती दहा चित्रं पेन ड्राइव्हमध्ये घातली, एक ते दहा नंबर देऊन.

शनिवारी आमच्या पट्टेवाल्या काकांनी प्रोजेक्टर लावला, खिडकीला सतरंजी टांगली. पहिलं चित्र, दोन घरं. सगळं छान. “बाई, ते खाली बारीक काय लिहिलंय?” छायाचित्रकाराचं नाव होतं. “ते कावळ्याचं आडनाव,” मागच्या बाकावरून उत्तर आलं.

मी बटण दाबलं. पावसाऐवजी शेपूट भाजलेला काऊ!

काही यंत्रं फायलींची नावं अक्षरानं लावतात, त्यांच्या हिशेबात एकनंतर दहा येतात आणि मग दोन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ०१, ०२ असे नंबर द्यायचे असतात म्हणे. बडोद्याला चित्रं दाखवून शिकवणं काही नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणले, त्यांनी उभारलेल्या ग्रंथालय खात्यात चित्रांतून शिक्षण देणारी एक शाखाच होती. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणारा कंदील, आणि सिनेमाचं यंत्र गावोगाव जात असे. पण त्या कंदिलात काच हातानं सरकवायची. पहिलीनंतर दहावी घातलीच, तर शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी ठाऊक असायचं.

मी बटणं दाबत सुटले, आणि तेवढ्यात वर्गानं गोष्ट ताब्यात घेतली.

“बाई, चिऊनं त्याला आधीच जाळलं!” मग पाऊस, मग वाहून जाणाऱ्या गोवऱ्या. “आता घर पण गेलं बिचाऱ्याचं.” मग चिऊच्या दारात काऊ. वर्गात शांतता. जी मुलगी जूनपासून माझ्याशी ‘हो बाई’पलीकडे बोलली नव्हती, ती उभी राहिली. “तो बदला घ्यायला आलाय. चिऊला माहितेय. म्हणून ती दार उघडत नाही.” टॉवेल आला. “खोटं बोलतेय, बाळाचं अंग पुसायचं नाहीये तिला.” काजळ आलं. “टाइमपास करतेय, चिमणा कामावरून येईपर्यंत.” पाळण्याला एकानं फक्त “पोलीसला फोन कर ना!” एवढंच म्हटलं, ते गुजरातीत.

चाळीस वर्षं ही गोष्ट मी ऐकतेय आणि सांगतेय. चिऊ एवढी कारणं का सांगते, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

नववं चित्र: दार उघडलेलं. त्यापुढे काही नव्हतंच, दहावं आधीच होऊन गेलं होतं. पडदा काळा झाला आणि घंटा वाजली. मोठ्या बाईंनी वहीत ‘मुक्त शेवट, उत्तम’ असा शेरा मारला.

सोमवारी त्या मुलीची आजी फाटकाशी उभी. नऊवारी, हातात पिशवी, चेहरा करडा. “बाई, आमच्या वेळची चिऊ अशी नव्हती हो. जाळपोळ काय, बदला काय!” मी एक, दहा, दोन समजावून सांगायला लागले. त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि जवळ सरकून हळू आवाजात विचारलं,

“ते राहू द्या. पोर दार उघडल्यापाशी झोपली. पुढे काय केलं त्यानं?”