मूलभूत हक्क, रंगीत झेरॉक्स, दोन प्रती

परवा लेकीचं नाव बॅडमिंटनच्या क्लासला घालायला गेले. नाशिकमधलाच क्लास, नाव कशाला घ्या. फॉर्मसोबत तिघांचं आधार: लेकीचं, माझं, नवऱ्याचं. रंगीत, सह्या करून. मी विचारलं, "जन्मदाखला आणलाय, चालेल?" काउंटरवरची मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "आधारच लागतं मॅडम. सिस्टीममध्ये तसंच आहे." शटल मारायला नवऱ्याचे बारा आकडे कशाला, हे विचारायचं नसतं. असो. तुमच्यावर ही वेळ येणारच, तेव्हा चार युक्तीच्या गोष्टी सांगते.

पहिली: सुप्रीम कोर्टाचं नाव काढू नका. काय होतं, की २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बरं, घटनेत तसं कुठे लिहिलेलं नाही. अनुच्छेद २१ मध्ये जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य, एवढंच. १९५० मध्ये गोपालन खटल्यात कोर्टाने त्याचा अर्थ लावला, की रीतसर कायदा केलाय ना, मग तुरुंगात टाकलं तरी चालतंय. १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, चार विरुद्ध एक मतांनी सांगून टाकलं, की बेकायदा डांबलं तरी सुटकेसाठी कोर्टात येता येणार नाही; विरोधात एकटे न्या. खन्ना. मग १९७८, मनेका गांधींचा जप्त झालेला पासपोर्ट. तेव्हा कुठे कोर्ट म्हणालं, की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्य आणि रास्तही हवी. त्या एका ओळीतूनच पुढे फुटपाथवर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क निघाला, शिक्षणाचा निघाला, आणि शेवटी हा खासगीपणा. १९७६ चा निकालही २०१७ मध्येच पुसला गेला. पुसणाऱ्या न्या. चंद्रचूडांच्या वडिलांची त्या जुन्या निकालावर सही होती. घटना लागू झाल्यापासून सदुसष्ट वर्षांची ही घासाघीस काउंटरवर एका वाक्यात मिटते. सिस्टीममध्ये तसंच आहे.

दुसरी: २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल तर अजिबात सांगू नका. आधार कायदा चार विरुद्ध एक मतांनी टिकला, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला आधार सक्तीने जोडणं रद्द झालं, खासगी कंपन्यांना मोकळं रान देणारी तरतूद गेली आणि शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही हेही स्पष्ट झालं. (पॅनची जोडणी मात्र राहिली.) पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून बँका आणि मोबाईल कंपन्यांना मागची खिडकी उघडून दिली, ग्राहकाने आपणहून दिलं तर घ्या म्हणून. आता सगळे आपणहूनच देतात.

तिसरी: शाळेत तर तोंडच उघडू नका, लेकरू वर्षभर तिथेच असतं.

चौथी: झेरॉक्स बिनधास्त काढा. सीबीएस बसस्थानकाच्या बाजूला, जिल्हा न्यायालयापासून चार पावलांवर दुकानं आहेत. "व्हॉट्सॲप करा ताई, प्रिंट मारतो." मी स्क्रीनकडे पाहिलं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधार फ्रंट, आधार बॅक, आई आधार, आई आधार फायनल, पप्पा नवीन. खाली खाली जातच होतं. कुणाचं पॅन, कुणाचं पासबुक, कुणाचा रद्द केलेला चेक. कुणीही यावं, पेन ड्राइव्ह लावावा. शेजारी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, त्यातल्या वरच्या कागदावर एक आजी नाकात नथ घालून माझ्याकडे बघतायत, खाली नंबर, पत्ता, जन्मतारीख. त्या कागदाच्या मागे दुकानदार हिशेब करत होता. या आजींना कुणी विचारलं होतं? त्यांच्या नावावर उद्या सिम निघालं तर त्या कुठल्या काउंटरवर जाणार? आणि तिथेही आधी आधारच मागतील की! मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना बजावलं होतं, झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांत ते पत्रकच मागे घेतलं. म्हणे गैरसमज होईल. कसला गैरसमज? खरं बोलल्याचा?

पाचवी सूचना देणार होते, पण आता डोकं फिरलंय.

कारण क्लासमध्ये माझ्या मागे उभे असलेले काका. "अहो ताई, द्या ना, आपल्याला काय लपवायचंय? उगाच खोळंबा." काका, घराचं दार रात्री उघडं टाकून झोपता का? त्या मुलीचा मला राग नाही, ती बारा तास उभी राहून कुणीतरी सांगितलेलं बोलते. राग तुमचा येतो. एक म्हातारा निवृत्त न्यायाधीश, न्या. पुट्टस्वामी, २०१२ मध्ये कोर्टाची पायरी चढला, तुमच्यासाठी हक्क मिळवून गेला, आणि तुम्ही तो स्वतःच्या हातानं, दोन प्रतींत, स्टेपल करून देताय. वर दुसऱ्यालाही द्यायला लावताय. आधी विचारा: कशाला हवंय? कोणत्या नियमानं? कागद किती दिवस ठेवणार? लेखी द्या म्हणा. अगदीच द्यावं लागलं तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तेवढंही जमत नसेल, तर पुढची बाई भांडत असताना निदान गप्प उभे राहा.