कैरोचा टॅक्सीवाला म्हणजे अख्खा इजिप्त नव्हे

इजिप्तची सहल करून आलेल्या मंडळींकडून एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: 'इजिप्त कळायला पुस्तकं नकोत, कैरोतल्या टॅक्सीवाल्याशी अर्धा तास बोला. तो मीटर लावत नाही, कारण लबाडी अंगात मुरलेली. शिक्षण बेताचं, पण मत प्रत्येक विषयावर. सरकारला शिव्या घालतो आणि शेवटी सगळं देवावर सोपवून गप्प बसतो. हाच इजिप्तच्या जनतेचा आवाज.'

टॅक्सीवाल्यांच्या गोष्टी मोलाच्या असतात, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हा मजकूर खटकतो. त्या गोष्टींतून देशाचा स्वभाव कळत नाही. माणसाचं पोट कसं भरतं आणि कुठं अडतं, ते कळतं.

आधी मीटरचं पाहू. कैरोत पूर्वी काळ्या-पांढऱ्या टॅक्सी होत्या: जुन्या फियाट, लाडा, प्यूजो. त्यांच्या मीटरवरचे दर महागाईच्या इतके मागे पडले होते की ते आकडे ना चालक मानायचा, ना प्रवासी. भाडं रिवाजानं ठरायचं. अंतर, कोंडी, रात्रीची वेळ, सोबतचं सामान, सगळं त्यात धरलेलं असायचं. कैरोकर उतरून खिडकीतून पैसे द्यायचा आणि चालू लागायचा. परक्या माणसाला हा हिशोब ठाऊक नसायचा आणि काही चालक त्याचा फायदा घ्यायचे, हेही खरं. पण २००८ च्या वाहतूक कायद्यानं वीस वर्षांहून जुन्या गाड्यांना टॅक्सीचा परवाना बंद केला आणि २००९ पासून बँकेच्या कर्जावर नव्या पांढऱ्या टॅक्सी रस्त्यावर आल्या. भाडं पहिल्या किलोमीटरला २.५० इजिप्शियन पाउंड, पुढं किलोमीटरला १.२५ पाउंड. दर पटण्यासारखा होता तेव्हा याच लबाड म्हटलेल्या माणसांनी मीटर चालवला.

नंतर काय झालं? जुलै २०१४ मध्ये सरकारनं इंधनाचं अनुदान कापलं. ९२ ऑक्टेन पेट्रोल लिटरला १.८५ पाउंडांवरून २.६० वर गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १५.२५ पाउंड झालं होतं. मधल्या काळात नोव्हेंबर २०१६ मध्ये पाउंडाचा भाव बाजारावर सोडला गेला आणि तो घसरला, मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा कोसळला, म्हणजे टायरपासून सुट्या भागांपर्यंत आयात होणारी प्रत्येक वस्तू महागली. कर्जाचा हप्ता असेल तर तो ठरल्या तारखेला भरायचाच. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचा रोजचा आकडा आधी बाजूला काढायचा, मग इंधन, आणि उरलं ते घरी. त्यात २०१४ च्या अखेरीस उबर आलं. परवाना आमच्याकडे, टॅक्सीचे कर आम्ही भरतो आणि भाडी खासगी गाड्या पळवतात, म्हणून पांढऱ्या टॅक्सीवाल्यांनी २०१६ मध्ये निदर्शनं केली. मे २०१८ मध्ये संसदेनं कायदा करून ॲपवाल्या सेवांना मान्यता दिली. बंद मीटरमागे एवढा सगळा हिशोब आहे. तो न विचारता माणसाच्या रक्ताला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

शिक्षणाच्या मुद्द्याला फार जागा द्यायची गरज नाही. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात, १९६० च्या दशकात, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी मिळाली. पुढं नोकऱ्या पुरेनात, पगार महागाईला पुरेनात, आणि कारकून, शिक्षक, पदवीधर दुपारनंतर स्टिअरिंग धरू लागले. मुलांच्या खासगी शिकवण्यांची फी भरण्यासाठी बापानं रात्रपाळीत टॅक्सी चालवायची, ही कैरोतली अगदी नेहमीची कहाणी आहे. ज्याला आपण अडाणी समजतो, त्याच्याकडे वाणिज्याची पदवी असू शकते.

सगळ्यात घातक वाक्य मात्र 'देवावर सोपवून गप्प बसतो' हे आहे. १८ आणि १९ जानेवारी १९७७ ला पाव आणि इतर जिनसांवरचं अनुदान कापल्यावर कैरो, अलेक्झांड्रिया पेटली आणि राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. ६ एप्रिल २००८ ला महल्ला अल कुब्रा या गिरणीगावात वेतन आणि महागाईवरून उठाव झाला. २५ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध सुरू झालेला उठाव तर जगानं पाहिला. हा सोशिक समाजाचा इतिहास आहे का?

आज टॅक्सीत कुणी बोलता बोलता थांबत असेल, तर कारण श्रद्धेत शोधू नका. नोव्हेंबर २०१३ पासून निदर्शनांवर कडक कायदा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कैरोतल्या एका कॅफेत राजकारणावर बोलणाऱ्या फ्रेंच पत्रकाराला, तिथल्याच एका बाईनं तक्रार केली म्हणून, पोलिसांनी अडवून ठेवलं होतं. अशा शहरात मागच्या सीटवर बसलेला अनोळखी माणूस कोण आहे, हे जोखूनच चालक तोंड उघडणार. तुम्हाला त्यानं जे सांगितलं ते तुम्हाला बघून सांगितलं. आणि 'देवाची मर्जी' म्हणणं हा पुष्कळदा विषय संपवण्याचा सभ्य मार्ग असतो, आपल्याकडेही असतो.

उरला 'जनतेचा आवाज'. टॅक्सीचा चालक जवळपास नेहमी पुरुष, शहरी, आणि पर्यटकाशी बोलतो म्हणजे थोडीफार परकी भाषा येणारा. इजिप्तच्या श्रमशक्तीत स्त्रियांचा सहभाग पाचात एकीहूनही कमी आहे. मेट्रोच्या महिला डब्यातलं बोलणं टॅक्सीत ऐकू येत नाही. बलदी रोटी, म्हणजे गरिबांना सरकारी अनुदानावर मिळणारी रोजची रोटी, कित्येक वर्षं ५ पियास्टरला (शंभर पियास्टरचा एक पाउंड) होती, १ जून २०२४ पासून ती २० पियास्टर झाली. त्याचा घरातला ताण त्या रोट्या आणणारी बाई जास्त नेमका सांगेल. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमधला शेतमजूर टॅक्सीत बसतच नाही.

इंबाबासारख्या वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांत टॅक्सीही शिरत नाही, तिथं तुकतुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, धावतात. त्यातल्या पुष्कळशा आपल्या बजाजच्या. त्या चालवणारे कितीतरी जण अगदी कोवळ्या वयाचे असतात. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारनं तुकतुकच्या मुख्य सुट्या भागांची आयात थांबवली. त्या पोरांच्या धंद्याचं पुढं काय झालं, हे हॉटेल ते पिरॅमिड या अर्ध्या तासाच्या फेरीत तुम्हाला कोण सांगणार?