अवाँ-गार्द कॉमिक्सवाला ग्रुप काढायचाय? या, बसा

अवाँ-गार्द, म्हणजे चाकोरी मोडणारी, कॉमिक्स काढून क्रांती करायचीय ना? मग आधी शत्रू ठरवा, चित्रांचं नंतर बघू. १९९० साली पॅरिसमध्ये ज्याँ-क्रिस्तॉफ मेन्यू, लुईस त्राँदाइम, दाविद बे वगैरे सात कॉमिक्सवाल्यांनी 'लासोसियासियाँ' ही प्रकाशन संस्था काढली तेव्हा त्यांना शत्रू आयताच मिळाला, म्हणजे ४८ पानं, पुठ्ठ्याची बांधणी, रंगीत छपाईवाला नेहमीचा फ्रेंच अल्बम, म्हणजे कॉमिक्सचं पुस्तक. मग काय, सगळं उलटं करायचं, ब्लॅक अँड व्हाइट, मऊ कव्हर, पानं होतील तेवढी, आणि मागे बारकोड तर अजिबात नको, दुकानदार वैतागला की समजायचं गाडी रुळावर आहे.

चित्रं काढता येत नाहीत? उत्तम! त्राँदाइम ५०० पानांचं कॉमिक काढता काढताच चित्रं काढायला शिकला, आणि ते छापलं पण. जास्त काढायचा कंटाळा असेल तर त्या कंटाळ्याला नियम म्हणायचं. मेन्यूनं फक्त ८ चौकटी काढल्या आणि त्याच उलटसुलट लावून त्राँदाइमनं १०० स्ट्रिप लिहिल्या (हे खरंच भारी आहे हो, इथे टोमणा मारायला जागाच नाही).

तेही जमत नसेल तर फाडा. न्यूयॉर्कच्या आर्ट स्पीगलमन आणि फ्रांस्वाज मूलीच्या 'रॉ' या कॉमिक्सच्या नियतकालिकानं १९८५च्या अंकाच्या प्रत्येक कव्हरचा कोपरा हातानं फाडला होता. गिऱ्हाईक बदलून मागायला आलं तर त्याच्याकडे फक्त कीव आल्यासारखं बघायचं.

खपापासून मात्र जपा. २००० पासून लासोसियासियाँकडूनच मार्जान सात्रापीच्या 'पर्सेपोलिस' या कॉमिकचे चार भाग आले आणि धडाधड विकले गेले, आता बोला! वर मोठे प्रकाशकही तसलीच जाडजूड ब्लॅक अँड व्हाइट पुस्तकं काढायला लागले. आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून इतकी वर्षं चिडायचं आणि सगळे कॉपी करायला लागले की त्याहून जास्त चिडायचं, मेन्यूनं तर २००५ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आणि भांडणाशिवाय कलेक्टिव्ह कसलं? २००५ला दाविद बे ग्रुप सोडून गेला, २००६ला त्राँदाइम. तुम्ही बाजाराला शिव्या घालत राहा, पगाराचं काय ते ऑफिसातली माणसं बघतील, म्हणजे २०११च्या जानेवारीत नोकरकपातीचा विषय निघाल्यावर बघितलंच त्यांनी, सरळ संपावर गेली. मग मेन्यू बाहेर पडला, सोडून गेलेले जुने मेंबर परत कारभार बघायला आले, आणि मेन्यूनं काय केलं? नवीन प्रकाशन काढलं, नाव 'लापोकालिप्स', म्हणजे थेट जगबुडीच.